रिठ्याचं तिसरं पाणी

मिऱ्या, रत्नागिरी
१२ डिसेंबर १९३४

मालू,

नमस्कार-चमत्कार मागाहून. आधी हे सांग, शुद्धीवर आहेस ना? गणपतीत तुला पत्र घातलं, दिवाळी उलटली तरी उत्तराचा पत्ता नाही. गिरगावात शाई मिळेनाशी झाली असेल तर इथून दौत पाठवते.

आता मी का लिहायला बसले ते ऐक, आणि हसायचं तेवढं आत्ताच हसून घे. माझ्या पडवीत सध्या पाच पाखरं आहेत. कोंबड्या नव्हेत गो, समुद्रावरचे कुरव. रापण ओढताना डोक्यावर कलकलाट करत फिरतात ते पांढरे. आपण मांडवीला शाळेतून येताना ज्यांच्यापुढे चणे टाकायचो आणि तुझे बाबा 'मास्तरांच्या मुलीनं वाटेत खाऊ नये' म्हणून तुला रागवायचे, तेच.

गेल्या आठवड्यात घरच्यांनी रापण ओढली तर जाळं काळंकुट्ट. मासळीला घासलेटासारखा वास, कुणी हात लावीना. त्यातच एक काळं बोचकं वळवळत होतं. हे म्हणाले, चिंधी आहे, फेकून दे. मी फेकायला उचललं तर चिंधीला डोळे. अंगभर काळं तेल, पंख अंगाला चिकटलेले, चोच उघडावी तर तीही चिकटलेली. मला काय झालं कोण जाणे, पदरात गुंडाळून घरी घेऊन आले.

पायाला डांबर लागलं की आपण काय करतो? खोबरेल चोळतो. तेच केलं. कोमट खोबरेलानं डोळे आणि चोच सोडवली, अंगावर कोंडा पसरून निपटून काढलं, आणि मग रिठ्याच्या पाण्यात बुचकळलं. रिठे सासूबाईंचे. त्यांनी लग्नातल्या शालूसाठी राखून ठेवले होते, ते मी विचारल्याशिवाय घेतले. त्यावरून जे झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण आता त्याच माझ्याबरोबर घंगाळापाशी बसतात. पहिल्या पाण्यात काळं निघतं, दुसऱ्यात चिकटपणा, आणि तिसरं पाणी नितळ निघालं की समजायचं पाखरू धुऊन झालं. नितळ नाही निघालं तर परत पहिल्यापासून. त्यानंतर चुलीच्या उबेला डालग्याखाली ठेवायचं आणि पेडवे भरवायचे, डोक्याकडून, नाहीतर काटा अडकतो. मग रोज किनाऱ्यावर आणखी सापडत गेली, काही मेली. पाच आहेत. अख्खी वाडी म्हणते, कमळीनं पाखरांचं बाळंतपण मांडलंय.

तुझे राजाभाऊ बोटकंपनीच्या कचेरीत आहेत. यंत्राचं तेल हाताला लागलं की साहेबलोक कसल्याशा साबणानं धुतात, असं आमचा धाकटा दादू सांगत होता. तो साबण मिळाला तर पाठव. आणि दादूची बोट याच महिन्यात मुंबईला लागेल. तुझ्याकडे आला तर जेवू घाल. राजाभाऊंच्या शब्दावर तो बोटीवर लागला, हे आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही.

तुझी,
कमळा

◆

गिरगाव, मुंबई
२३ डिसेंबर १९३४

प्रिय कमळे,

रागावू नकोस. खरंच सांगते, दिवस कसा जातो कळत नाही. एकच खोली, तिच्यात चूल, तिच्यातच पाहुणे, आणि खालच्या खाणावळीचा धूर सगळा आमच्याकडे. यांचं कचेरीत तेच रडगाणं चालू आहे. यांच्यामागून लागलेला माणूस यांच्यापुढे जाऊन बसला. हे घरी येऊन बोलत नाहीत, जेवतात आणि भिंतीकडे तोंड करून निजतात. अशा वेळी पत्र लिहायला मन होत नाही गं.

तुझी पाखरांची हकीकत यांना वाचून दाखवली. कित्येक दिवसांनी हे हसले. म्हणाले, रत्नागिरीला आता पाखरांचा दवाखाना निघाला म्हणायचा. साबण मात्र लगेच आणून दिला. बंदरावर येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला आहे.

दादू रविवारी येऊन गेला. येताना माझ्यासाठी कोलंबोचा एक शंख घेऊन आला. एवढा थोराड झाला, दाढी फुटली, पण दारात उभा राहून 'मालूताय' म्हणाला आणि मला तो आपल्या कडेवरचाच दिसला. आठवतं ना, तुझी आई वाडीत कामाला गेली की आपण त्याला आळीपाळीनं कडेवर घेऊन शाळेत जायचो. तू दमलीस की तो माझ्याकडे यायचा, आणि मी दमले तरी खाली उतरायचा नाही. आमटी तीनदा मागून घेतली त्यानं. तू काळजी करू नकोस, इथे त्याचं एक घर आहे.

हे तेल येतं कुठून पण? काही कळलं तर कळव.

तुझी,
मालिनी

◆

मिऱ्या
८ जानेवारी १९३५

मालू,

साबण पोचला. वास इतका झकास की सासूबाईंनी आधी आपलंच तोंड धुऊन घेतलं. पाखरांना मात्र सोसत नाही, कातडी लाल होते. आपला रिठाच बरा. तरी तू पाठवलास, म्हणून देवघराच्या कोनाड्यात नीट ठेवून दिलाय.

आता एक गोष्ट सांगते ती हसण्यासारखी नाही. माझ्या हाताखाली सगळ्यांत धडधाकट झालेलं पाखरू होतं, चांगलं उडायला बघत होतं. त्याला सोडायचं ठरवलं. त्या दिवशी सकाळी सासूबाईंना त्याची दया आली. माझ्या नकळत त्यांनी त्याच्या पिसांना खोबरेल चोळलं, अगदी नातवंडाला न्हाऊ घालून टाळूवर तेल घालावं तसं. म्हणाल्या, "न्हाणं झाल्यावर तेल नको काय गो? आणि होडीला त्याल लावतो तवा पानी आत शिरत नाय, मग ह्या बापड्याला नको काय?" बोलणं खोटं नाही. आम्ही सगळे होड्यांना तेल पाजूनच पाण्यात लोटतो. मी पिसांवरची चकाकी पाहिली आणि मला वाटलं, तब्येत सुधारली.

पाण्यावर ठेवलं. जरा पोहलं. मग पंख ओले झाले, जड झाले, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते खाली गेलं. घरचे पाण्यात धावले, हातात आलं ते गेलेलं होतं. पाखराला पाणी लागू नये अशी सोय देवानं पिसांतच केलेली असते, ती वरच्या तेलानं मोडते. हे आम्हाला कोण सांगणार. सासूबाई किनाऱ्यावरून हलेनात. त्या दिवशी जेवल्या नाहीत. आता पाखराला हात लावण्याआधी राखेनं हात घासतात आणि मला दाखवतात, बघ, तेल नाय.

त्यानंतर दोन सोडली. सोडण्याआधी दोणीत पोहवून बघते, पिसावरून थेंब घरंगळला तरच. दोन्ही तरंगत तरंगत गेली आणि उडाली. मी रडले, हे तुला म्हणून सांगते.

तेल कुठून येतं ते मला आता कळलंय. बोटीवरच्याच एका माणसानं सांगितलं. आमच्या माणसांनी इथल्या सरकारी कचेरीत अर्ज दिला, त्यातही 'बोटीवरच्या माणसानं पाहिलं आहे' असं लिहिलंय. तिथला कारकून म्हणाला, तुमच्याच होड्यांचं तेल असेल. आता बोल. नाव मात्र कुणाचं घातलेलं नाही आणि घालणारही नाही.

कमळा

◆

गिरगाव, मुंबई
१७ जानेवारी १९३५

प्रिय कमळे,

तुझं पत्र वाचून मलाच रडू आलं. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

मी बराच विचार करून हे लिहिते आहे. अर्जांनी काही होत नाही. पण हे रोज मोठ्या साहेबांच्या समोर असतात. यांनी योग्य वेळ पाहून शब्द टाकला तर एका दिवसात हुकूम सुटेल. साहेब वाईट नाही, त्याला पक्ष्यांची आवड आहे म्हणे, भिंतीवर चित्रं लावली आहेत. पण तो पहिला प्रश्न हाच विचारणार, की कोणती बोट, कधी, आणि सांगणारा कोण. सांगणाऱ्याचं नाव नसेल तर ती बाजारगप्प ठरेल आणि यांचंच हसं होईल.

तू मला सांग. माझ्याजवळून ते बाहेर जाणार नाही. हे ते आपल्यापुरतं ठेवतील, साहेबाला फक्त एवढंच सांगतील की माणूस खात्रीचा आहे. आपण लहानपणी एकमेकींपासून काय लपवलं आहे? लवकर लिही, कारण साहेब महिनाअखेर कोचीनला जाणार आहेत.

तुझी,
मालिनी

◆

मिऱ्या
२४ जानेवारी १९३५

मालू,

तुझ्या पत्रावर चार दिवस घातले. घरच्यांना विचारलं नाही, विचारलं असतं तर नको म्हणाले असते. पण काल परत तेल आलं. किनाऱ्यावर चालताना पायाखाली काळे गोळे येतात आणि पाखरं अशी पडलीत की कुठलं आधी उचलावं कळत नाही. सासूबाई एकेकाला उचलून म्हणतात, ह्याला ऱ्हाऊ दे, ह्याचं झालं. आपल्या हातानं असं निवडायचं, मालू, हे मला नाही सोसवत.

सांगणारा दादू.

दुसरं कोण असणार? नाताळात घरी आला तेव्हा माझ्या पडवीत कोयतीनं नारळ सोलत सहज बोलून गेला. त्यांची तेलबोट कोचीनला माल उतरवून रिकामी परत येते. मुंबईला पोचायच्या आत टाक्या धुवायच्या असतात. ते धुवण अंधार पडला की आपल्या रत्नागिरीसमोर समुद्रात सोडतात, कारण इथे कुणी विचारणारं नाही. झडप उघडायला खलाशांनाच लावतात. दादूनं स्वतः उघडली आहे. मी त्याला पाखरं दाखवली तेव्हा त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, मला काय ठाऊक ताय, आम्हाला वाटायचं समुद्र एवढा मोठा आहे. मग जाईपर्यंत तोच पाखरांना भरवत बसला.

त्यानं हे विश्वासानं सांगितलं. आणि त्याच्या नोकरीवर आईचं आणि धाकट्या दोघींचं घर चालतं, हे तुला नव्यानं सांगायला नको. खलाशानं बोटीच्या बाहेर बोललेलं कंपनीला खपत नाही. म्हणून हे नाव तुझ्याकडे ठेवते आहे, कागदावर नाही, तुझ्याकडे. राजाभाऊंनाही सांगायचं की नाही ते तू ठरव. मला विचारशील तर सांगू नको. पण तू जे करशील ते विचार करूनच करशील.

कमळा

◆

दादर, मुंबई
२१ फेब्रुवारी १९३५

प्रिय कमळे,

उत्तराला उशीर झाला, कारण बिऱ्हाड हलवलं. वरचा पत्ता पाहिलास ना? दोन खोल्या आणि पुढे गॅलरी. समोर चिंचेचं झाड आहे, धूर नाही. हे आता हेडक्लार्क झाले. सगळं अचानक झालं. सामान लावता लावता कंबर मोडली.

तुझ्या पाखरांचं म्हणणं योग्य ठिकाणी पोचलं आहे. यापुढे त्याविषयी पत्रात न लिहिलेलं बरं, असं यांचं मत आहे. साबण पुन्हा पाठवते आहे, यावेळी पेटीभर. पाखरांना नसला चालत तर घरात वापर.

इकडे हवा बरी आहे. सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
मालिनी

◆

मिऱ्या
४ मार्च १९३५

मालू,

अगो, गॅलरी! आता तू गॅलरीत उभी राहून वेणी घालणार आणि रस्त्यावरची माणसं वर बघणार. तुझं चांगलं झालं, मला फार बरं वाटलं. राजाभाऊंना सांग, रत्नागिरीहून साखर पोचली असं समजा. त्यांना हात देणारं कुणी नव्हतं, देवानं दिला.

आणि तुझ्या तोंडात मी खरंच साखर घालायला हवी. तुझं पत्र आल्यापासून किनारा स्वच्छ आहे. एक काळा गोळा नाही. घरच्यांची मासळी पहिल्यासारखी खपते. डालग्याखाली शेवटची तीन पाखरं आहेत, तीही शिमग्याआधी सोडीन. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आमच्या कमळीची मैत्रीण मुंबईला आहे, तिनं साहेबाला सांगून समुद्र धुऊन घेतला. अर्ज देणारे पुरुष गप्प बसून ऐकतात. मला कसली घमेंड चढलीय म्हणून सांगू.

दादूचं मात्र पत्र नाही. बोट तर केव्हाच मुंबईला लागायला हवी होती. तुझ्याकडे आला होता का? नवं घर त्याला सापडलं नसेल. कळव.

कमळा

◆

मिऱ्या
२९ मार्च १९३५

मालू,

तुझं उत्तर नाही, तरी लिहिते.

दादू घरी आला. मांडवीहून पेटी डोक्यावर घेऊन चालत आला. दोन दिवस नुसता पडवीत बसून डालग्याखाली उरलेल्या एका पाखराकडे बघत होता. तिसऱ्या दिवशी बोलला.

बोट मुंबईला लागल्या लागल्या त्याला कचेरीत बोलावलं. मोठा साहेब खुर्चीत, आणि शेजारी राजाभाऊ उभे. साहेब इंग्रजीत विचारी आणि राजाभाऊ मराठीत सांगत. दादू म्हणतो, राजाभाऊंना पाहून मला धीर आला, घरचं माणूस आहे. मग राजाभाऊ म्हणाले, "साहेब विचारतात, तुझी बहीण रत्नागिरीला पाखरं धुते ना?"

दादू हो म्हणाला. खोटं कशाला बोलेल? साहेब काहीतरी बोलला आणि हसला. राजाभाऊ हसले नाहीत, पण तेही त्यांनी मराठीत सांगितलं. "मग तूही घरी जा, आणि तिच्याबरोबर धुवायला बस." त्याच्या सर्टिफिकेटावर वाईट शेरा मारला. तो शेरा असला की गोदीत खलाशी भरणारा कुठलाच सारंग माणूस घेत नाही. दादू दहा बोटींवर जाऊन विचारून आला.

आणि समुद्र तू धुऊन घेतलास म्हणून आम्ही नाचत होतो ना? राजापूरहून येणारे लोक सांगतात, आता तेल जैतापूरच्या किनाऱ्याला लागतं. बोट नुसती खाली सरकली. तिथे आता कुणाची पाखरं मरतात ते बघायला मी नाही, एवढंच.

मी दादूला तिथल्या तिथे सांगितलं, हे माझ्या पत्रावरून झालं. मी नाव लिहिलं. त्यानं मान वर केली नाही. नुसतं विचारलं, "कुणाला लिहिलंस?" मी म्हटलं, मालूला. तर तो काय म्हणाला असेल? म्हणाला, "मग ते तसं नसणार. दुसरं कायतरी झालं असेल. मालूताय असं करायची नाय." आणि उठून पाखराला पेडवे भरवायला गेला.

मालू, मी तुला काही विचारत नाही. फक्त दादू म्हणतो ते खरं आहे, एवढं एका ओळीत लिहून पाठव. मी पुढे काही बोलणार नाही.

कमळा

◆

दादर, मुंबई
११ एप्रिल १९३५

कमळे,

ही ओळ मला लिहिता येत नाही.

तुमचा अर्ज रत्नागिरीहून फिरत फिरत कंपनीकडे आला होता. तो यांच्याच टेबलावर आला. साहेब म्हणाला, बोटीवरचा माणूस कोण ते शोधून दे. यांना वाटलं, ही एकच संधी आहे. यांनी मला विचारलं, तुझ्या मैत्रिणीला ठाऊक असेल ना? जानेवारीतलं ते पत्र मी यांच्यासमोर बसून लिहिलं.

पण मला दादू वाटला नव्हता गं, देवाशपथ. वाटलं, कुणी तरी अनोळखी खलाशी असेल. तुझं पत्र आलं आणि नाव वाचलं तेव्हा मी ते पोळपाटाखाली लपवून ठेवलं. दोन दिवस ठेवलं. हे रोज विचारत. हे म्हणाले, नुसती समज देतील, दोन दिवस रागावतील आणि विसरतील, मी मध्ये आहे ना. मी यांच्यावर विश्वास ठेवला. तू यांना पाहिलं नाहीस कमळे, भिंतीकडे तोंड करून निजणारा माणूस रोज शेजारी असला म्हणजे काय होतं. मी माझ्या घराच्या मायेपोटी केलं. कुणाचं वाईट व्हावं म्हणून केलं नाही.

ते झालं त्या दिवशी हे जेवले नाहीत. मग नव्या घराची किल्ली आली.

मे महिन्यात मी एकटी आगबोटीनं रत्नागिरीला येते. तुझ्या पाया पडेन. दादूच्याही पडेन. मला ये म्हण.

मालिनी

◆

मिऱ्या
२० एप्रिल १९३५

मालिनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पाखरू तिसऱ्या पाण्याला नितळ निघतं. तुझं पाणी तिसऱ्या खेपेलाही काळंच निघालं.

मायेपोटी केलंस म्हणतेस. माझ्या सासूनंही तेल मायेपोटीच लावलं होतं. पण तिला ठाऊक नव्हतं, आणि तुला ठाऊक होतं. ती किनाऱ्यावर उभी राहिली, पाखरू बुडताना तिनं डोळे मिटले नाहीत, आणि त्या दिवसापासून हात राखेनं घासते. तू काय केलंस? घर बदललंस आणि मला साबणाची पेटी पाठवलीस. आणि मी इथून तुला साखर पाठवत होते. माझ्या साखरेला तू 'नको' तरी म्हणायचं होतंस.

अनोळखी खलाशी असता तर चाललं असतं, हेही तू त्याच पत्रात लिहिलंस. त्या अनोळख्यालाही कुणीतरी कडेवर घेतलेलं असतंच ना.

साबणाची पेटी तशीच परत पाठवते आहे. पहिल्या खेपेच्या वड्याही तिच्यात घातल्या आहेत, सासूबाईंनी वापरलेली सोडून.

यायचं तर ये. मी नको म्हणणार नाही. दादू आता बंदरातल्या पडावावर आहे. आगबोट बाहेर नांगरली की उतारूंना शिडीवरून हात देऊन पडावात घ्यायचं आणि किनाऱ्याला आणायचं, हे त्याचं काम. त्याला मी तुझं पत्र वाचून दाखवलेलं नाही. तो अजून तेच म्हणतो, मालूताय असं करायची नाय. परवा मला म्हणाला, ती आली तर माझ्याच पडावात घेईन.

तर असं कर. त्याच्या पडावात बस. आगबोटीपासून धक्क्यापर्यंत वेळ पुष्कळ असतो. तेवढ्यात तू तुझ्या तोंडानं त्याला सांग. माझ्या पाया पडायची गरज नाही. तेवढं केलंस तर घरी ये, पान वाढलेलं असेल.

कमळा

◆

वेंगुर्ले
१२ मे १९३५

कमळे,

मी काल रत्नागिरीला आले होते.

बोट नांगरली. मी ट्रंक घेऊन शिडीपाशी आले. खाली पडाव हेलकावत होता आणि त्यात तो उभा होता. काळवंडलाय, वाळलाय. त्यानं वर पाहिलं आणि इतका हसला. ओरडून म्हणाला, "मालूताय, हात दे. घाबरू नको, मी हाय." आणि हात वर केला.

मी दोन पायऱ्या उतरले. त्याचा हात अगदी जवळ होता. मी पाठ केलेलं सगळं मला आठवत होतं. पण तो हसत होता गं. तो रागावलेला असता तर मी उतरले असते. मागची माणसं ढकलायला लागली, मी बाजूला झाले, आणि परत वर गेले. बोट सुटेपर्यंत आतच बसून होते. इथे येऊन उतरले. इथे मी कुणाला ओळखत नाही. परतीच्या बोटीची वाट पाहते आहे.

तू त्याला काही सांगू नकोस. सांग की मला बरं नव्हतं. एवढं एक माझ्यासाठी कर.

मालिनी

◆

मिऱ्या
१७ मे १९३५

मालिनी,

तुझं पत्र येण्याआधीच सगळं झालं होतं.

तू कळवलेल्या दिवशी मी भात लावला, तुला आवडते म्हणून कोलंबीची आमटी केली. सासूबाईंनी पान मांडलं. दादू बंदरावरून आला तो हातपाय न धुताच पडवीत बसला. म्हणाला, "मालूताय आली होती. शिडी उतरली आणि परत वर गेली." मी म्हटलं, लाटेला घाबरली असेल. म्हणाला, "मांडवीची पोर ती, पडावाला घाबरते होय? आणि लाट कुठे होती. आज समुद्र ताटासारखा होता."

मग तो आपल्या हाताकडे बघत होता. आणि म्हणाला, "म्हणजे तिनंच."

तू लिहितेस, त्याला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. जे तुला पडावात सांगायचं होतं, ते तू शिडीवरूनच सांगून गेलीस.

तुझं पान आम्ही उचललं नाही. दादूच त्याच्यावर बसला आणि जेवला.

कमळा